ल्वारच्या काठावरची द्राक्षे कुणी निवडली?

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. मासिफ सांत्राल या डोंगराळ प्रदेशात ती उगम पावते, बराच काळ उत्तरेकडे वाहते, ऑर्लेआँ शहरापाशी पश्चिमेकडे वळते आणि नाँत शहर मागे टाकून अटलांटिक महासागराला मिळते. या सुमारे हजार किलोमीटरच्या वाटेवर काठाकाठाने द्राक्षमळे आहेत, आणि त्यांची मांडणी पाहिली की कुणीतरी विचारपूर्वक आखणी केली असावी असे वाटते. साँसेर आणि पुयी या गावांभोवती सोव्हिन्याँ ब्लाँ. तूरेन आणि आँजू या जुन्या प्रांतांत पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लाँ आणि लाल वाइनसाठी कॅबर्ने फ्राँ. आणि समुद्राजवळ, नाँतच्या परिसरात, मलाँ द बूर्गोन्य. प्रत्येक पट्ट्याचे आपले वाण, आपली चव, आपले नाव. याचे स्पष्टीकरण सहसा एकच दिले जाते. मातीनेच आपल्याला हवे ते वाण निवडले आणि माणसाने तिचे ऐकले, असे ते आहे. ऐकायला ते सुंदर आहे, पण इतिहास तपासला तर अपुरे पडते. ल्वारच्या काठावर कोणते वाण रुजावे हे मातीच्या आधी कडाक्याच्या थंडीने, जकात नाक्याने, परदेशी व्यापाऱ्याने, एका सूक्ष्म किडीने आणि शेवटी कायद्याने ठरवले. मातीचा गुण खरा आहे, पण तो दिसला तो या सगळ्या निवडीनंतर.

समुद्राच्या बाजूने सुरुवात केली तर हे लगेच लक्षात येते. नाँतच्या आसपास तयार होणाऱ्या म्यूस्कादे या हलक्या, तरतरीत पांढऱ्या वाइनचे द्राक्ष मूळचे तिथले नाहीच. मलाँ द बूर्गोन्य हे वाण आले पूर्वेकडच्या बर्गंडीतून, आणि त्या मूळ भूमीत आज ते नावापुरतेच उरले आहे. सतराव्या शतकात डच व्यापारी नाँतच्या बंदरात मोठ्या संख्येने येत. त्यांना ब्रँडी गाळण्यासाठी साधी, स्वस्त पांढरी वाइन हवी असे, म्हणून शेतकऱ्यांनी लाल द्राक्षे काढून पांढरी लावावीत असा त्यांचा आग्रह होता. त्यात १७०९ चा हिवाळा आला. त्या जानेवारीत युरोपभर अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, झाडे उभी फुटली आणि नाँतभोवतीचे बहुतेक द्राक्षवेल मरून गेले. पुन्हा लागवड करताना शेतकऱ्यांनी थंडी सोसणारे वाण शोधले, आणि मलाँ त्या कसोटीला उतरले. म्हणजे आज ज्याला आपण नाँतच्या किनाऱ्याची खास चव म्हणतो, तिच्या मुळाशी एक नैसर्गिक आपत्ती आणि एक परदेशी गिऱ्हाईक आहे. या द्राक्षाचे कूळही वैज्ञानिकांनी शोधून काढले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले की मलाँ हे पिनो आणि गुए ब्लाँ यांचे अपत्य आहे. जगभर मान मिळवणारे शार्दोने आणि लाल वाइनचे गामे ही त्याचीच भावंडे. गुए ब्लाँ हे वाण एके काळी इतके सामान्य समजले जाई की अनेक ठिकाणी त्याच्या लागवडीवर बंदी घातली गेली होती. द्राक्षाच्या थोरवीचे माणसाने केलेले अंदाज किती बदलतात, याचा हा चांगला पुरावा आहे.

नाँतला साधी वाइन आणि वरच्या अंगाला, आँजूमध्ये, उंची गोड वाइन असे का झाले, याचे उत्तरही केवळ जमिनीत सापडत नाही. ब्रिटनी हा प्रांत फ्रान्सच्या राज्यात आल्यानंतरही जकातीच्या बाबतीत वेगळा राहिला. नदीवर आँजू आणि ब्रिटनी यांच्या सीमेला आँग्राँद नावाचे गाव आहे. वरून समुद्राकडे जाणाऱ्या वाइनला तिथल्या नाक्यावर कर भरावा लागे, आणि हा कर पिंपावर होता, चवीवर नव्हता. स्वस्त वाइन हा भार पेलू शकत नव्हती. म्हणून आँजूच्या शेतकऱ्याला समुद्रमार्गे माल विकायचा तर तो करासकट परवडेल इतका चांगला असणे भाग होते. उत्तम माल डचांच्या जहाजांसाठी आणि उरलेला पॅरिससाठी, अशी विभागणीच तिथे रूढ झाली. नाक्याच्या खालच्या अंगाला असलेल्या नाँतच्या शेतकऱ्याला मात्र हा कर नव्हता, त्यामुळे ब्रँडीच्या भट्टीसाठी स्वस्त वाइन काढणे त्याला परवडत होते. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ रॉजे दियाँ यांनी फ्रान्सच्या द्राक्षशेतीचा इतिहास लिहिताना हाच मुद्दा आग्रहाने मांडला: मळ्याचा दर्जा समजून घ्यायचा तर आधी त्याची बाजारपेठ आणि तिथवर जाणारी वाट पाहावी लागते.

शेनिन ब्लाँ या द्राक्षाच्या वाट्याला हा चोखंदळ बाजार आला, आणि त्याच्या अंगी त्यासाठी लागणारे गुणही होते. ते लवकर फुटते, उशिरा पिकते आणि पिकल्यावरही आंबटपणा टिकवून ठेवते. हा आंबटपणा म्हणजे गोड वाइनचा कणा. तो नसेल तर गोडवा जिभेवर बसून राहतो. ल्वारला मिळणाऱ्या लेयाँ या लहानशा नदीच्या खोऱ्यात शरद ऋतूत सकाळी धुके असते आणि दुपारी ऊन पडते. या हवेत पिकलेल्या घडांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, मण्यातले पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व सुगंध दाट होतात. सगळे मणी एकाच वेळी या अवस्थेला येत नाहीत, म्हणून काढणी करणारे मजूर त्याच ओळींतून काही आठवडे पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर वेळी तयार झालेलेच मणी खुडतात. कार द शोम आणि बॉनझो या प्रसिद्ध गोड वाइन अशा तयार होतात. जवळच, ल्वारच्या उत्तर काठावर, साव्हन्येर गावात काळसर, पापुद्र्यांच्या शिस्ट खडकावर हेच द्राक्ष पूर्ण कोरडी, कडक बांध्याची वाइन देते. पूर्वेला तूर शहराजवळच्या वूव्रेमध्ये जमीन बदलते. तिथे तुफो नावाचा मऊ, पांढरा चुनखडक आहे. ल्वारकाठचे अनेक राजवाडे याच दगडाने बांधले गेले, आणि दगड काढून झाल्यावर उरलेल्या बोगद्यांमध्ये वाइनची तळघरे झाली. वर्षभर सारखा गारवा आणि ओल तिथे आपोआप मिळते. वूव्रेमध्ये शेनिनपासून कोरडी, मध्यम गोड, पूर्ण गोड आणि फेसाळ अशा सगळ्या प्रकारच्या वाइन होतात, आणि त्या वर्षीच्या हवामानाप्रमाणे त्यांचे प्रमाण ठरते.

लाल वाइनच्या कॅबर्ने फ्राँचीही कथा अशीच प्रवासाची आहे. शिनाँ, बूर्गेय आणि सोम्यूर-शाँपिन्यी या गावांची ओळख या द्राक्षावर उभी आहे, पण त्याचे मूळ दूर नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या बास्क प्रदेशाकडे असल्याचे मानले जाते. ल्वारच्या खोऱ्यात ते आणण्याचे श्रेय सतराव्या शतकातल्या एका मठाधिकाऱ्याला देणारी दंतकथा आहे. मात्र शिनाँजवळ जन्मलेल्या फ्राँस्वा राबले या लेखकाने १५३४ च्या सुमारास आपल्या ‘गार्गांतुआ’ या पुस्तकात तिथल्या या वाइनचा उल्लेख केला आहे, त्यामुळे ती दंतकथा टिकत नाही. नाँतच्या बंदरातून नदीमार्गे वर आलेल्या मालाबरोबर हे वाण आले असावे, हे स्पष्टीकरण अधिक पटते. त्याचे महत्त्व ल्वारपुरते नाही. १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की जगप्रसिद्ध कॅबर्ने सोव्हिन्याँ हे कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले. मर्लो या दुसऱ्या जगप्रसिद्ध लाल द्राक्षाचे एक जनकही कॅबर्ने फ्राँच. बाटलीवर मुलांची नावे मोठ्या अक्षरांत झळकतात, पण शिनाँच्या शेतकऱ्याने त्यांच्या या जन्मदात्याला सोडले नाही.

बाजार जसा मळे घडवतो तसा तो मोडूही शकतो, हे ऑर्लेआँने अनुभवले. १५७७ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने हुकूम काढला की शहरापासून वीस लीग, म्हणजे अंदाजे ८८ किलोमीटरच्या आत पिकलेली वाइन पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी आणि खाणावळवाल्यांनी विकत घेऊ नये. साहजिकच व्यापारी या वर्तुळाबाहेरच्या जवळच्या मळ्यांकडे वळले, आणि ऑर्लेआँ त्यांच्या वाटेवर होते. १६४२ मध्ये ब्रिआरचा कालवा पूर्ण झाला आणि ल्वारमधल्या नावा सीन नदीमार्गे थेट पॅरिसला जाऊ लागल्या. मागणी वाढली, पण ती होती भरपूर आणि स्वस्त मालाला. बिघडलेली वाइनही वाया जात नसे. ऑर्लेआँचा व्हिनेगर त्यातूनच नावारूपाला आला. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडून रेल्वे आली, उष्ण प्रदेशातली त्याहून स्वस्त वाइन पॅरिसमध्ये पोहोचू लागली आणि ऑर्लेआँचे विस्तीर्ण मळे ओसरले. जमीन तीच होती, नदीही तीच होती. बदलली होती ती गिऱ्हाइकापर्यंतची वाट.

सर्वांत बोलका पुरावा मात्र साँसेरचा. जगभरच्या हॉटेलांत आज साँसेर म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँची करकरीत पांढरी वाइन. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या टेकड्यांवर मुख्यतः पिनो न्वार आणि गामे ही लाल द्राक्षे होती, तर नदीपलीकडच्या पुयीमध्ये पॅरिसच्या बाजारासाठी शास्ला हे खायचे द्राक्ष भरपूर पिकवले जाई. मग अमेरिकेतून फायलोक्सेरा ही मुळांचा रस शोषणारी कीड युरोपात आली आणि काही दशकांत फ्रान्सचे बहुतेक मळे तिने वाळवले. उपाय सापडला तो अमेरिकी वेलींच्याच मुळांत, कारण त्या या किडीला दाद देत नव्हत्या. अमेरिकी खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार डॉगरिजसारख्या अमेरिकी कुळाच्या खुंटावर कलम बांधतात ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्यासाठी, पण तंत्र तेच. साँसेरमध्ये नव्याने लागवड करताना सोव्हिन्याँ ब्लाँला पसंती मिळाली, कारण ते कलमाला चांगली साथ देत होते आणि तिथल्या हवेत भरवशाचे उत्पन्न देत होते. १९३६ मध्ये साँसेरच्या पांढऱ्या वाइनला कायदेशीर संरक्षण मिळाले. तिथल्या जुन्या लाल वाइनला ते मिळायला १९५९ उजाडले. अनादी वाटणारी ही जोडी प्रत्यक्षात दीडशे वर्षांहूनही जुनी नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. सगळे अपघाताने आणि व्यापाराने ठरले असेल, तर मातीचे गुणगान ही केवळ जाहिरात म्हणायची का? तसे नाही. साँसेरच्या एकाच परिसरात तीन प्रकारच्या जमिनी आहेत: शिंपल्यांच्या जीवाश्मांनी भरलेली चुनखडीयुक्त चिकणमाती, लहान दगडांची कोरडी चुनखडी आणि चकमकीचे दगड असलेली जमीन. वाण तेच, हवा जवळपास तीच, करणारे हातही अनेकदा तेच. तरी चुनखडीच्या जमिनीतली वाइन लवकर खुलते, चिकणमातीतली भरदार होते आणि चकमकीवरची ताठ, उशिरा उलगडणारी असते. शेनिनचेही शिस्टवर एक रूप आणि तुफोवर दुसरे. फरक पडतो याबद्दल शंका नाही. तो पडतो मुख्यतः पाणी आणि उष्णता यांच्या वाटे: जमीन किती ओल धरते, वसंतात किती लवकर तापते, मुळांना किती खोल जाऊ देते, यावर पिकण्याचा वेग अवलंबून असतो. चकमकीचा दगड पेल्यात उतरत नाही. मातीची भूमिका परीक्षकाची आहे: तिच्यापुढे उमेदवार इतिहासाने उभे केले, आणि शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी चाखून, नोंद ठेवून, नापास झालेले उपटून टाकून निकाल लावला. नाँतमध्ये मलाँ आपत्तीमुळे आले हे खरे, पण तिथल्या ग्रॅनाइट, नाइस आणि गॅब्रो खडकांवर ते जे देते ते इतरत्र क्वचितच देते. यीस्टच्या गाळावर वाइन हिवाळाभर तशीच ठेवून तिला भरदारपणा आणण्याची रीतही तिथल्याच माणसांनी जोपासली, आणि भट्टीसाठी लावलेल्या या द्राक्षातून गेल्या काही दशकांत त्यांनी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, क्लिसाँ आणि गॉर्जसारख्या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाइन घडवल्या. अपघाताचे सोने करायला काळजी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९३५ मध्ये फ्रान्सने मूळस्थानाच्या नावाचे संरक्षण करणारा कायदा केला. कोणत्या गावाच्या नावाखाली कोणते वाण, हेक्टरी किती उत्पन्न, कोणती पद्धत, हे सगळे नियमांनी बांधले गेले. जर जोड्या इतिहासाच्या ओघात बनल्या असतील, तर त्या ओघातला एक क्षण पकडून कायमचा गोठवण्याचा अधिकार कायद्याला कुणी दिला? या कायद्याची गरज तेव्हा खरी होती. फायलोक्सेरानंतरच्या टंचाईत भेसळ आणि खोट्या नावांचा सुळसुळाट झाला होता, आणि प्रामाणिक शेतकऱ्याला आपले नाव वाचवायला दुसरे साधन नव्हते. पण आज परिस्थिती बदलते आहे. पूर्वी थंड वर्षांत शिनाँची कॅबर्ने फ्राँ कच्ची राही आणि वाइनला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येई. तापमान वाढल्यापासून ती अधिक नियमितपणे पिकते. त्याच उबेमुळे वेल लवकर फुटतात आणि एप्रिलच्या हिमात कोवळे कोंब जळतात. १९९१ च्या आणि २०२१ च्या एप्रिलने हे नुकसान दाखवून दिले. साखर वाढली की मद्यांश वाढतो आणि आंबटपणा उतरतो, म्हणजे ल्वारच्या वाइनचा प्राणच कमी होतो. अशा वेळी नियम जसेच्या तसे ठेवणे हा परंपरेचा आदर ठरत नाही, कारण बदलाला उत्तर देणे हीच इथली खरी परंपरा आहे. फ्रान्समधल्या व्यवस्थेने हे काही अंशी ओळखले आहे: बोर्दोमध्ये २०२१ पासून सहा नव्या वाणांची प्रयोगापुरती, क्षेत्राच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत लागवड करायला परवानगी मिळाली. बंधन पूर्ण सोडून न देता प्रयोगाला मोकळी जागा ठेवायची, ही दिशा मला योग्य वाटते.

या चर्चेचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची नवी लागवड सुरू झाली तेव्हा आघाडीवर होती ती शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही ल्वारचीच दोन वाणे. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले आणि हा व्यवसाय वाढला. ल्वारचे मळे ४७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, नाशिक २० अंशांवर. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. इथे वेलाला झोप नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी करून त्याला शिस्त लावावी लागते, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. उष्ण हवेतही आंबटपणा न सोडणारे शेनिन इथे रुळले याचे आश्चर्य नाही. दक्षिण आफ्रिकेत तर आज त्याची लागवड फ्रान्सपेक्षाही जास्त आहे. तरीही नाशिकच्या शेनिनने वूव्रेची नक्कल करावी असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. ल्वारकडून वाण घेता येते, निकाल घेता येत नाही. दिंडोरीच्या चढावर काय टिकते, कोणत्या प्लॉटमध्ये मणी कधी पक्व होतात, कोणते वाण पाच वर्षांनी उपटून टाकावे, हे इथल्याच शेतकऱ्यांना आणि वाइनरींना प्लॉटनिहाय नोंदी ठेवून शोधावे लागेल. त्यात ल्वारइतका वेळ लागणार नाही, कारण विज्ञान आता हाताशी आहे, पण चिकाटीला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा असतो: वाइनमागे जकात आणि कीड शोधत बसलात तर तिची जादू जाते. मला उलट वाटते. माती आणि दैव यांनीच सगळे दिले असते, तर माणसांचे कौतुक करण्यासारखे त्यात थोडेच उरले असते. गोठलेल्या मळ्यात दुसऱ्या वर्षी नवे वाण लावणारा, नाक्यावरचा कर परवडावा म्हणून मणी निवडून खुडणारा, वाळलेल्या वेलाच्या जागी परक्या खुंटावर कलम बांधणारा शेतकरी, हा या खोऱ्याच्या वाइनचा खरा कर्ता आहे. फ्रेंच बाटलीवर गावाचे नाव मोठे आणि द्राक्षाचे नाव बहुधा अजिबात नसते. ते गावाचे नाव वाचताना आपण ते भूगोल म्हणून वाचू नये, काही शतकांच्या निर्णयांची सही म्हणून वाचावे. आणि आपल्याकडच्या बागायतदारांनी, वाइन करणाऱ्यांनी आणि धोरण आखणाऱ्यांनी ल्वारकडून एकच गोष्ट शिकायची असेल, तर ती ही: चांगली जमीन असून भागत नाही, आपण तिच्यावर काय लावले, काय बदलले आणि का बदलले याचा हिशेब पिढ्यान् पिढ्या ठेवावा लागतो.